पीएलसी प्रोग्रामिंग की मशीनची देखभाल: आधी काय शिकावं?

ऑटोमेशन झालेल्या कारखान्यात कामगारापुढे या दोन वाटा असतात. पीएलसी म्हणजे यंत्रं चालवणारा औद्योगिक संगणक. त्याचा प्रोग्राम लिहायची चित्ररूप भाषा, लॅडर लॉजिक, जुन्या रिले (विजेवर उघडझाप होणारे स्विच) सर्किटच्या आकृत्यांवरूनच आलीय, त्यामुळे इलेक्ट्रिशियनला ती पटकन उमगते. पण लाइन एकदा सुरळीत चालली की नवा प्रोग्राम क्वचितच लागतो.

देखभालीचं तसं नाही. धातू जवळ आला की ओळखणाऱ्या इंडक्टिव्ह सेन्सरवर लोखंडाचा कीस साचला की समोर जॉब (ज्यावर काम करायचं तो भाग) नसतानाही तो सिग्नल देत राहतो आणि अख्खा रोबोट थांबतो. स्क्रीनवर दिसतो फक्त एरर कोड. तिथे मल्टिमीटर हवा, न्यूमॅटिक्सची, म्हणजे दाबाखालच्या हवेवर चालणाऱ्या यंत्रणेची, जाण हवी आणि पीएलसीवरचा इनपुटचा दिवा नेमका का पेटलाय हे ओळखणारी नजर हवी. म्हणून आधी देखभाल, मग प्रोग्रामिंग. आणि हे शिक्षण कामाच्या वेळेतच मिळायला हवं. शिफ्ट करून दमलेल्या माणसावर ते ढकलणं अन्यायाचं आहे.