आई खरं बोलत होती

आधी चष्मा चोरीला गेला, तो तांदळाच्या डब्यात सापडला. मग पर्स गेली, ती उशीच्या अभ्र्यात. मग शेजारणीने समई नेली म्हणून भांडण, आणि समई देवघरातच. स्मृतिभ्रंशात असा संशय बऱ्याच जणांना येतो, हे गोव्यातल्या बांबोळीच्या डॉक्टरांनी आम्हाला सांगून ठेवलं होतं. वस्तू कुठे ठेवली ते आठवत नाही, मग ती कोणीतरी नेली असं मन ठरवून टाकतं. वाद घालू नका, विषय बदला. आम्ही विषय बदलण्यात इतके पटाईत झालो की आई कोकणीत ‘तो म्हजे पयशे व्हरता गो’, तो माझे पैसे नेतो गं, म्हणाली तेव्हाही मी म्हटलं, “बरं, चहा घेतेस?”

अकरा महिने मी तिला चहा विचारत होते.

‘तो’ म्हणजे लांबच्या नात्यातला, आईला मावशी म्हणणारा. फोंड्याजवळच्या आमच्या घरी राहायला आला तेव्हा मला हायसंच वाटलं. भाऊ मस्कतला, मी वास्कोत. परकी बाई ठेवण्यापेक्षा घरचा माणूस बरा, असं आम्हीच म्हटलं. पगार ठरवला, वर खर्चाला पैसे. तो वहीत हिशेब लिहायचा: पाव, मासळी, औषधं, लाइट बिल. अक्षर सुरेख, बेरीज चोख. दर रविवारी मी ती वही बघायची आणि समाधानाने परत जायची. वहीत जे नव्हतं ते बघायचं सुचलंच नाही.

आता सहीबद्दल, कारण सगळी फसवणूक त्या सहीवर उभी राहिली. आई मराठी शाळेत मास्तरीण होती, बत्तीस वर्षं मस्टरवर सही केलेली. आज तिला सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही, माझ्या मुलीला ती माझ्याच नावाने हाक मारते. पण समोर कागद ठेवून बोट दाखवलं की पाठ ताठ होते, आणि शेवटच्या अक्षराखालच्या रेघेसकट तीच जुनी सही उमटते. हाताला लागलेली सवय आठवणींच्या मागून, फार उशिरा जाते. बँकेतला माणूस नमुन्याशी सही ताडून बघतो. सही करणाऱ्याला कागद समजला का, ते त्या खिडकीतून दिसत नाही.

पहिल्या सहीने खात्याला जोडलेला मोबाइल नंबर बदलला. त्यानंतर पैसे काढल्याचे मेसेज त्याच्याच फोनवर जायला लागले. दुसऱ्या सहीने तीन लाखांची ठेव मुदतीआधी मोडली. एटीएमचा पिन आईने कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलेला होता. दर खेपेला चार-पाच हजार, कधी आठवड्यातून दोनदा. असे १ लाख ७२ हजार गेले.

हे उघडकीला आलं ते पैशांमुळे नव्हे, नखांमुळे. चवथीला गणपतीवरची माटोळी, फळापानांची चौकट, बांधून झाल्यावर मी आईला न्हाऊ घालायला घेतलं. पायाची नखं वाकून मांसात घुसली होती. टाचेवर रुपयाएवढी काळी जखम. पाटल्या मनगटावरून कोपरापर्यंत सहज सरकत होत्या. औषधांचा डबा बघितला तर झोपेच्या गोळ्यांची दहाची पट्टी पाच दिवसांपूर्वीची, आणि रिकामी. डॉक्टरांनी रात्री अर्धी गोळी लिहिली होती. मावशी अकरापर्यंत झोपते, हे तो मला कौतुकाने सांगायचा.

नेलकटर शोधताना खणात स्टॅम्पपेपर मिळाला. आमच्या कुळागराचं, म्हणजे माडा-पोफळींच्या बागेचं, त्याच्या नावाने केलेलं मुखत्यारपत्र, नोटरीच्या शिक्क्यासकट. खाली तीच सुंदर सही.

वकिलांनी कागद वाचून आधी एवढंच विचारलं, “वडिलांच्या मागे इन्व्हेंटरी झाली?” म्हणजे वारसांत इस्टेटीची कोर्टातून वाटणी. झाली नव्हती. आमच्या त्या आळसाने कुळागर वाचवलं. गोव्याच्या कायद्याप्रमाणे नवराबायकोची इस्टेट सामाईक. बाबांच्या निम्म्यात आम्ही दोघं वारस, त्यामुळे एकट्या आईच्या सहीवर सगळं विकणं शक्य नव्हतं. शिवाय समज नसताना केलेलं मुखत्यारपत्र टिकत नाही. आणि समज असताना केलेलं असलं तरी, देणाऱ्याची समज गेली की १८७२ च्या करार कायद्याने मुखत्यारी संपते. हे आपल्याकडे कोणाला माहीतच नसतं. ‘आईने पॉवर दिली आहे’ म्हणत मुलंही वर्षानुवर्षं तोच कागद फिरवतात.

मात्र समज कधी गेली हे आपल्याला दाखवावं लागतं. आमच्याकडे निदानाचा तारीख घातलेला कागद होता म्हणून बोलता आलं. ज्यांच्या घरी ‘वय झालंय, विसरतात’ एवढ्यावरच थांबले असतील, त्यांनी तो कागद आधी करून घ्यावा. खातं जोडनावावर करायचं, कार्ड बंद करायचं, तेही आईबाबा स्वतः बँकेत बोलू शकतात तेव्हाच. आम्ही उशीर केला. आता बँक न्यायालयाकडून पालक नेमून आणायला सांगते, आणि खरं तर तेच रास्त आहे. एखाद्याने सांभाळण्याच्या अटीवर घर लिहून घेतलं आणि सांभाळलं नाही, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली ते रद्द करून मागता येतं. आमच्यावर ती वेळ आली नाही. ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या हेल्पलाइनचा नंबर मला नंतर कळला.

पोलीस चौकीत आधी ‘घरचंच प्रकरण आहे, मिटवा’ असं ऐकून घ्यावं लागलं. तक्रार लेखी दिली आणि पोच घेतली. पन्नास हजार परत आले, बाकीचे ‘बघू’ वर आहेत. नातेवाइकांत आम्हीच वाईट ठरलो, पोराचं आयुष्य बरबाद करायला निघालो म्हणून.

आईची जखम भरायला तीन महिने लागले. अजून ती अधूनमधून म्हणते, पैसे नेले. मी उठते, पर्स आणते, तिच्यासमोर नोटा मोजते. बहुतेक वेळा सगळ्या असतात.

शिगम्याच्या मेळात तो दिसला, गळ्यात घुमट हे मातीचं वाद्य अडकवलेलं. गर्दीतून वाट काढत जवळ आला आणि म्हणाला, “ताई, मावशी कशी आहे?”