बारा बाटल्यांचा वाइन फ्रिज: दहा महिने वापरल्यावर

मागच्या ऑगस्टमध्ये घेतलेला छोटा वाइन फ्रिज आता दहा महिने रोज चालतोय. पावसाळा, थंडी आणि पुण्याचा उन्हाळा, तिन्ही त्यानं आमच्या कोथरूडच्या फ्लॅटमध्ये काढले. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. जे सांगायचंय ते या जातीच्या बहुतेक फ्रिजना लागू पडतं.

आधी तो का घेतला ते. नवरा आणि मी चार-पाच वर्षं वाइन पितोय, महिन्याला एखाद-दोन बाटल्या. रेड वाइन रूम टेंपरेचरला प्यायची असं ऐकलेलं, म्हणून ती कपाटातच असायची. नाशिकची शिराझ आणा नाहीतर चिलीची काबर्ने (दोन्ही द्राक्षांच्या जातीवरून नाव पडलेल्या रेड वाइन), दोन्हींची सुरुवात सारखीच: नाकात स्पिरिट, घशात जळजळ. कुठली माती, कुठला डोंगर हे सगळं लेबलपुरतं असतं, अशी माझी खात्रीच झाली होती. पण दोष वाइनचा नव्हता. रूम टेंपरेचरचा नियम युरोपातल्या थंड घरांचा, १६ ते १८ अंशांच्या खोल्यांचा. आमच्या स्वयंपाकघरात एप्रिलमध्ये पारा ३४ ला टेकतो. एवढ्या उष्म्यात अल्कोहोल आधी वर येतं आणि बाकीचे वास झाकून टाकतं. साध्या फ्रिजमधून काढून लगेच प्यायली तर उलटं होतं. ४-५ अंशांना वास मिटतो आणि तुरटपणा तेवढा टोचतो.

फ्रिज १६ अंशांवर लावून पहिली बाटली उघडली ती अकलूजच्या फ्रातेल्ली वायनरीची रेड वाइन, सेत्ते. सांजोवेझे आणि काबर्ने सोव्हिन्यो या दोन द्राक्षांची. सांजोवेझे इटलीतल्या तोस्कानाचं, आणि ही वाइन घडवणारे पिएरो मासीही तिकडचेच. सोलापूरच्या उन्हात ते द्राक्ष काय होऊन बसतं, हे त्या संध्याकाळी कळलं. आधी सुक्या आलुबुखाऱ्याचा वास, मागून लाकडाचा, आणि घोट गेल्यावर जिभेच्या कडांना पिकलेल्या जांभळाची तुरट ओढ. हीच वाइन आदल्या वर्षी ‘फार कडक’ म्हणून आम्ही अर्धी ठेवून दिली होती.

मग ठरवलं, द्राक्ष एकच घ्यायचं आणि गावं बदलायची. नणंद जानेवारीत फ्रान्सहून येणार होती, तिला ल्वार खोऱ्यातली व्हूव्रे आणायला सांगितली. ती शेनिन ब्लांक या पांढऱ्या द्राक्षाची. शेनिनचं माहेर ल्वार, पण आज सगळ्यात जास्त लागवड दक्षिण आफ्रिकेत. म्हणून एक बाटली तिथल्या स्टेलनबॉशची घेतली आणि तिसरी आपल्या नाशिकची. तिन्ही १० अंशांवर, तीन सारखे ग्लास. नाशिकच्या ग्लासात पिकलेला पेरू आणि अननस, गोडसर, अगदी मोकळी. आफ्रिकेची जरा भरीव, भाजलेल्या सफरचंदासारखी. व्हूव्रेत मधाचा वास होता, गोडी होती, आणि तरीही घोट गिळल्यावर लिंबू चोखल्यासारखं तोंडाला पाणी सुटत होतं. नणंद म्हणाली, “वहिनी, या तिघी एका घरातल्या वाटतच नाहीत.”

याचं उत्तर मला मामाकडून मिळालं. मामाची जुन्नरला द्राक्षबाग आहे, थॉम्पसन या खायच्या द्राक्षाची. तो फेब्रुवारीत आला होता. तो पीत नाही, पण त्यानं तिन्ही ग्लास नीट हुंगले. मग म्हणाला, “अगं, तिकडं थंडीत वेल झोपतो. आपल्याकडं आपण त्याला झोपूच देत नाही.” म्हणून आपल्याकडे दोन छाटण्या: एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी, आणि माल जानेवारी ते मार्चमध्ये. ल्वारमध्ये द्राक्ष शरदातल्या गार हवेत हळूहळू पिकतं, त्यामुळे आंबटपणा टिकतो. आपल्याकडे काढणीच्या दिवसांत ऊन चढत जातं, साखर भरभर वाढते आणि आंबटपणा उतरतो. मामा पुढे म्हणाला की खायच्या द्राक्षाला ते घड जीएच्या (जिबरेलिक ॲसिड या वाढ-संजीवकाच्या) द्रावणात बुडवून मणी फुगवतात. वाइनला मात्र बारीक, जाड सालीचा मणी लागतो, कारण रंग आणि तुरटपणा सालीत असतो. १९८० च्या दशकात शामराव चौगुले यांनी जुन्नरजवळच्या नारायणगावला फ्रेंच पद्धतीची फेसाळ वाइन केली आणि ती ‘ओमर खय्याम’ नावानं परदेशी गेली, हे मी फक्त वाचलं होतं. मामाला तो काळ आठवतो. त्याच्याशी बोलताना पहिल्यांदा वाटलं की हा विषय आपल्याच जिल्ह्यातला आहे. पुण्याजवळच्या मांजरी गावात तर राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रच आहे.

आता फ्रिजची तक्रार, आणि ती मोठी आहे. यात कॉम्प्रेसर नाही, पेल्टियर पद्धत आहे, म्हणजे विजेवर एका बाजूनं गार आणि दुसऱ्या बाजूनं गरम होणारी छोटी पट्टी. आवाज जवळजवळ नाही, बाटल्या थरथरत नाहीत, हे खरंच सुख. पण असा फ्रिज खोलीपेक्षा साधारण १५ अंशच खाली जाऊ शकतो. विकताना हे कुणी सांगितलं नाही. मे महिन्यात डिस्प्ले १२ दाखवत होता. मी आत पाण्याच्या पेल्यात थर्मामीटर ठेवून पाहिला तर २०. सेवा केंद्राचं उत्तर, “मॅडम, हे नॉर्मल आहे.” शेवटी तो बाल्कनीजवळून उचलून आतल्या पॅसेजमध्ये नेला, मागच्या पंख्यावरची धूळ दर पंधरवड्याला ब्रशनं काढायला लागले, तेव्हा १७ वर आला. रेडला ते चालतं. व्हाइट उन्हाळाभर साध्या फ्रिजमध्ये ठेवली आणि वीस मिनिटं आधी बाहेर काढली.

जेवणाबरोबर एकच गोष्ट पक्की कळली. काळ्या मसाल्याच्या मटणाबरोबर तुरट काबर्ने घेतली की तिखट आणखी पेटतं. जर्मनीतल्या मोझेलची किंचित गोड रीसलिंग ही व्हाइट वाइन घेतली तर ते निवतं, आणि अल्कोहोल कमी असल्यानं जळजळही होत नाही. परदेशी वाइनवर वर्षानुवर्षं १५० टक्के सीमाशुल्क राहिलं, त्यामुळे अशी बाटली आमच्याकडे क्वचितच येते. तीन देशी, मग एक परदेशी, असा आमचा हिशोब.

नव्यानं घ्यायचा झाला तर मी कॉम्प्रेसरवालाच घेईन, महाग असला तरी. आणि फ्रिजवर पैसे घालायचेच नसतील, तर उन्हाळ्यात रेडची बाटली दीड-दोन तास साध्या फ्रिजमध्ये ठेवा. अकलूजची सेत्ते आणि बंगळूरजवळच्या नंदी हिल्सची ला रिझर्व्ह, दोन ग्लासांत शेजारी-शेजारी ओता. आधी नुसता वास घ्या.