‘टेन एटी स्नोबोर्डिंग’ : हातातल्या स्क्रीनवर आठ महिने

‘टेन एटी स्नोबोर्डिंग’ हा बर्फाच्या उतारावरून बोर्डावर उभे राहून घसरत जाण्याचा व्हिडिओ गेम मूळचा निन्टेन्डो ६४ या टीव्हीला जोडायच्या कन्सोलचा (खेळयंत्राचा). जपानमध्ये तो २८ फेब्रुवारी १९९८ रोजी आला. ज्या नागानो हिवाळी ऑलिम्पिकमध्ये स्नोबोर्डिंगला पहिल्यांदा स्थान मिळाले, ते संपून तेव्हा जेमतेम आठवडा झाला होता. २०२३ मध्ये तो निन्टेन्डो स्विचवर, म्हणजे हातात धरून किंवा टीव्हीला जोडून खेळता येणाऱ्या कन्सोलवर, ऑनलाइन सदस्यत्वाच्या वरच्या श्रेणीतील जुन्या खेळांच्या संग्रहात दाखल झाला. गेले आठ महिने मी तो स्विच हातात धरूनच खेळतो आहे. टीव्हीला एकदाही जोडलेला नाही. त्यामुळे पुढे जे लिहिले आहे ते त्याच मापाने वाचावे.

पहिले दोन आठवडे मला हा खेळ मुळीच आवडला नव्हता. अशा प्रकारच्या बऱ्याच खेळांत सगळे कौतुक हवेतल्या कसरतींचे असते आणि खाली उतरणे जवळजवळ गृहीत धरलेले असते. इथे नेमके उलटे आहे. मी बहुधा अकारी हायामी हे पात्र निवडतो. उडी मारणे तिच्यासाठी अवघड नाही, पण खाली येताना बोर्डाचे तोंड उताराच्या दिशेला नसेल, तर पुढच्याच क्षणी ती बर्फात लोळत असते. टेकण्याच्या बेताला झेड बटण दाबून तिला गुडघ्यात वाकवले, तर धक्का पचतो. शर्यतीत तर प्रत्येक पडण्याची नोंद एका मीटरवर होत जाते आणि तो मीटर भरला की शर्यत तिथेच संपते, मग तुम्ही प्रतिस्पर्ध्याच्या कितीही पुढे असा. पडण्याला एवढी किंमत लावलेली असल्यामुळे सुरुवातीला मी उंचवटे चुकवत, कडेकडेने, अगदी बेताबेताने खाली येत असे. अर्थात हरत असे.

आता मुख्य मुद्दा, तो म्हणजे डावा हात. या खेळातील सगळ्या कसरती स्टिकची, म्हणजे अंगठ्याने फिरवायच्या छोट्या दांडीची, गोलाकार हालचाल आणि आर व बी ही दोन बटणे यांच्या जुळणीतून होतात. सर्वांत सोपी कसरत दोन क्रियांत होते. ज्या गिरकीवरून खेळाला नाव मिळाले, त्या १०८० अंशांच्या, म्हणजे तीन पूर्ण फेऱ्यांच्या गिरकीसाठी मात्र नऊ क्रिया लागतात, आणि त्या सगळ्या पाय जमिनीवर नसतानाच उरकाव्या लागतात. जुन्या कंट्रोलरची स्टिक उंच होती आणि तिच्याभोवतीची कडा अष्टकोनी होती, त्यामुळे कोणत्या कोपऱ्यात पोहोचलो हे अंगठ्याला न पाहता कळत असे. स्विचची स्टिक बुटकी आहे आणि तिच्याभोवतीची कडा गोल आहे. अंगठा फिरतो, पण कुठून कुठवर फिरला याचा हिशेब लागत नाही. शिवाय झेडचे काम इथे झेडएल बटणाकडे असल्यामुळे डावा अंगठा स्टिक फिरवतो, डावी तर्जनी मागचे बटण धरून ठेवते, आणि जवळपास ४०० ग्रॅमच्या कन्सोलचा अर्धा भारही त्याच हातावर असतो. जुन्या कंट्रोलरवर हे तिसरे ओझे एवढे नव्हते.

यावर मी दोन उपाय करून पाहिले. एका कंपनीची रबरी टोपी आणून स्टिकवर बसवली. तिने पकड सुधारली खरी, पण ऐन उडीत टोपी निसटून मांडीवर पडली आणि अकारी डोक्यावर. दुसरा उपाय बिनखर्चाचा होता आणि तोच कामी आला: मांडीवर उशी घेऊन कन्सोलचा खालचा काठ तिच्यावर टेकवायचा. भार उतरताच अंगठा मोकळा झाला आणि ज्या ७२० अंशांच्या गिरकीसाठी मी महिनाभर झगडत होतो, ती त्याच संध्याकाळी तीनदा साधली. हातात धरून खेळायच्या यंत्राला उशीची गरज पडावी, याची गंमत वाटते. पण ज्यांना कसरतींत रस आहे त्यांना माझा हाच सल्ला आहे.

चित्राविषयी फार लिहिण्यासारखे नाही. खेळ ४:३ या जुन्या मापाचा असल्यामुळे दोन्ही बाजूंना उभ्या काळ्या पट्ट्या राहतात आणि ६.२ इंची स्क्रीनचा सुमारे पाव भाग वाया जातो. पात्रांच्या चेहऱ्यांवर नाक-डोळे रंगवल्यासारखे दिसतात. उतार मात्र आजही उतार वाटतो, आणि त्याचे बरेचसे श्रेय आवाजाला जाते. मऊ बर्फातून जाताना बोर्डाचा दबका सळसळाट ऐकू येतो, कडक बर्फावर चढला की कडेचा खरखरीत आवाज सुरू होतो, आणि वेगात वळण घेताना बोर्ड पकड सोडतो आहे हे डोळ्यांच्या आधी कानांना समजते. कन्सोलच्या छोट्या स्पीकरमधून यातले निम्मेही पोहोचत नाही. हेडफोन लावल्यानंतरच माझी वळणे सुधारली, म्हणून हा खेळ आवाज बंद करून, प्रवासात वेळ काढण्यासाठी खेळू नये, असे मला वाटते. केंता नागाता यांचे संगीत जोशपूर्ण आहे, पण मी ते आता कमी ऐकतो आणि बर्फ जास्त ऐकतो.

स्विचवर कोणत्याही क्षणी खेळ साठवून पुन्हा तिथूनच सुरू करण्याची सोय आहे. मूळ खेळात ती नव्हती. मधल्या काळात मी तिचा भरपूर गैरवापर केला: प्रत्येक मोठ्या उडीआधी साठवायचे आणि पडलो की मागे यायचे. अशा रीतीने एक पातळी पार पडली, पण पुढच्या पातळीवर गेल्यावर मला काहीच येत नव्हते, कारण पडण्याची भीती गेल्यामुळे उतरण्याकडे लक्षच राहिले नव्हते. आता ही सोय मी फक्त सरावासाठी वापरतो. ‘एअर मेक’ या एकाच मोठ्या उडीच्या मार्गावर सुरुवातीचा क्षण साठवून ठेवला आहे आणि रोज दहा उड्या मारतो.

दोघांनी खेळायची सोयही आहे, परंतु एवढ्या स्क्रीनचे दोन तुकडे केल्यावर समोरचा उंचवटा दिसेपर्यंत त्यावर आदळलेलो असतो. ती टीव्हीसाठीच ठेवावी. आणखी एक गोष्ट लक्षात असू द्यावी: हा खेळ विकत घेतलेला नसतो, सदस्यत्व संपले की तो उघडत नाही.

२०२२ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये आयुमु हिरानो या जपानी स्नोबोर्डपटूने हाफपाइपमध्ये, म्हणजे अर्ध्या नळीसारख्या बर्फाच्या मार्गावर, चार फेऱ्यांची, १४४० अंशांची ट्रिपल कॉर्क (तीन तिरकस कोलांट्यांची) उडी यशस्वी करून सुवर्णपदक जिंकले, त्यामुळे खेळाच्या नावातला आकडा आता तसा लहान झाला आहे. माझ्या वहीत मात्र १०८० पूर्ण फिरल्याच्या अकरा नोंदी आहेत, आणि त्यांपैकी उभे राहून उतरल्याच्या दोन. खेळात पांडाचे रूप घेतलेले एक लपलेले पात्र आहे, ते अजून मला मिळालेले नाही.