व्हॅक्युम क्लीनरच्या आवाजापायी गेलेले ४,९५१ रुपये

आकडा आधीच सांगते, कारण तो उच्चारायचीच मला तीन आठवडे लाज वाटत होती. व्हॅक्युम क्लीनर दुरुस्त करायला आलेल्या तोतया कंपनीवाल्याने घेतलेले ४,९५१ रुपये. व्हिजिटचे ३४९, आगाऊ २,०००, आणि मोटर परत आणून बसवल्यावर २,६०२. शिवाय घरातली धड मोटर गेली ती वेगळीच. ज्यांचे लाखो रुपये गेलेत ते म्हणतील, एवढ्याशा रकमेचं काय घेऊन बसलीस? मी घेऊन बसणार. माझी चार दिवसांची मेहनत आहे त्यात.

खोटे कस्टमर केअर नंबर इंटरनेटवर कसे पेरलेले असतात ते तुम्हाला माहीत आहे. मलाही माहीत होतं. गोव्यात कुंडईच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी हिशेब सांभाळते, आणि ऑफिसच्या ग्रुपवर असल्या फसवणुकीचे मेसेज मीच पुढे पाठवत असते. म्हणून तर हे जास्त लागलं.

मशीन सहा वर्षांचं, १४०० वॅटचं, चाकांवर ओढायचं. सासूबाईंना दम्याचा त्रास, त्यामुळे आमच्या घरी ती चैनीची वस्तू नाही. जून महिन्यात इलेक्ट्रिशियनने भिंतीला खाच मारून वायर टाकली, तेव्हा सिमेंटची सगळी भुकटी मी त्याच मशीनने ओढली. ही माझी चूक, कबूल करते. इतकी बारीक धूळ पिशवीतून आणि फिल्टरमधूनही निसटते आणि थेट मोटरच्या बेअरिंगपर्यंत, म्हणजे मोटरचा दांडा ज्या छऱ्यांच्या कड्यावर फिरतो तिथपर्यंत, जाते. ती झाडूने गोळा करून सुपलीत भरायची. त्यात पावसाळ्याचा दमटपणा. जुलैच्या शेवटी मशीन चालू केलं की दगडावर लोखंड घासल्यासारखा खर्रर्र आवाज यायला लागला. बंद केल्यावरही थांबता थांबता करकरायचं.

सावंतवाडीला माझा भाचा आहे, डिप्लोमावाला. त्याने व्हिडिओ कॉलवर सगळं करून घेतलं. प्लग काढून नळी वेगळी केली, मग नुसतं मशीन चालवून पाहिलं. आवाज तोच, म्हणजे नळीत काही अडकलेलं नाही. फिल्टर धुऊन पूर्ण दिवस वाळवला. आवाज तोच. शिट्टीसारखा आवाज असता तर कुठेतरी हवा गळतेय किंवा वाट तुंबलीय असं समजायचं, खडखड असती तर पंख्यात खडा. "मावशी, हे बेअरिंग आहे," तो म्हणाला. "दोन बेअरिंग, शंभर-सव्वाशे रुपयांचं काम. मशीन उघड."

मी उघडायला बसले. चार स्क्रू निघाले. पाचवा खोल भोकात, सहा टोकांच्या चांदणीसारख्या खाचेचा. स्टार स्क्रू म्हणतात त्याला. साधा स्क्रू ड्रायव्हर त्यात बसेना. चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, २७ ऑगस्टला, घर झाडायचं बाकी, मुंबईहून दीर-जाऊ यायचे होते, ऑफिसात महिन्याची कामं. भाचा म्हणाला, बिटचा सेट विकत आण. मी म्हटलं, आता कुठे बाजारात जाऊ, कंपनीलाच फोन करते. १८० रुपयांचा सेट आणला असता तर हे लिहायची वेळच आली नसती.

१३ ऑगस्टला, बुधवारी, मी फोनवर कंपनीचं नाव आणि पुढे कस्टमर केअर असं टाकलं. सगळ्यात वर आलेला नंबर लावला. पहिल्या रिंगला उचलला. इथेच कळायला हवं होतं, कारण खऱ्या कंपनीचा फोन एकेका बटणावर फिरवत पाच मिनिटं ताटकळत ठेवतो. माणूस अगदी अदबीने बोलला आणि त्याने विचारलं, "कुठल्या कंपनीचं मशीन आहे, मॅडम?"

हे वाक्य मी त्यानंतर शेकडो वेळा मनात ऐकलंय. मी कंपनीला फोन केला होता ना? मग कंपनी मला विचारतेय की कुठली कंपनी? आणि मी काय केलं? नाव सांगितलं. मॉडेल सांगितलं. पत्ता सांगितला. घरी कधी कोण असतं तेही सांगितलं. कुकरच्या शिट्ट्या होत होत्या, सासूबाई हाक मारत होत्या, डोकं दहा ठिकाणी होतं. पण ऐकलं मी नीट होतं. कानावर पडलं आणि सोडून दिलं. तुम्ही सोडू नका. नंबर घ्यायचा तो वॉरंटीच्या पुस्तिकेवरचा किंवा मशीनच्या बुडाला चिकटवलेल्या पट्टीवरचा.

दुसऱ्या दिवशी दोघे स्कूटरवर आले. अंगात कंपनीच्या रंगाचे टी-शर्ट, गळ्यात ओळखपत्र. ओळखपत्र मी हातात घेऊन वाचलं नाही. एक बाहेर उभा राहिला, दुसऱ्याने सोप्यावर वर्तमानपत्र पसरलं आणि मशीन चालू केलं. मग त्याने नळी काढली आणि हवा ओढायच्या तोंडावर तळहात दाबून धरला. मशीनचा आवाज एकदम चढला, किंचाळल्यासारखा. हात तसाच ठेवून माझ्याकडे बघत तो म्हणाला, "ऐकलंत? मोटर मरतेय. आणखी दोनदा चालवलंत तर पेट घेईल." सासूबाई दाराशी उभ्या होत्या, त्या घाबरून आत गेल्या.

आता ऐका. तोंड बंद केलं की कुठल्याही मशीनचा आवाज चढतो. अगदी दुकानातून आणलेल्या कोऱ्या मशीनचासुद्धा. हवा ओढायचं काम उरत नाही, मोटरवरचा भार उतरतो आणि ती आणखी जोरात फिरते. त्यात बिघाड काही नाही. फिल्टर तुंबला तरी हेच होतं, आणि मोटरला थंड करणारी हवा मिळेनाशी झाली की आतला सुरक्षा स्विच मशीन बंद पाडतो. गार झालं की बहुतेक मशीनं पुन्हा चालू होतात. असं बंद पडलेलं मशीन 'जळलं' म्हणून सांगणारेही असतील, ऐकू नका. त्या माणसाने माझा फिल्टर उघडून पाहिलाच नाही. बेअरिंग म्हटल्यावर हसला. म्हणाला, "मॅडम, बेअरिंग वेगळं मिळत नाही. पूर्ण मोटर बदलावी लागते." धादांत खोटं.

व्हिजिटचे ३४९ घेतले. मोटर वर्कशॉपला न्यावी लागेल, म्हणून २,००० आगाऊ. कंपनीचा क्यूआर चालत नाही म्हणाला, त्याच्या मोबाइल नंबरवर पाठवायला सांगितले. स्क्रीनवर एका माणसाचं नाव आलं. दुकानाचं नाही, कंपनीचं नाही. तरी मी पिन टाकला. आणि जुनी मोटर? "ती कंपनीला परत द्यावी लागते, नाहीतर वॉरंटी मिळत नाही." जुना पार्ट तुमचा असतो. नवा बसवला की जुना तुमच्या हातात आलाच पाहिजे, घासाघीस करावी लागली तरी सोडू नका. माझी मोटर फक्त बेअरिंगने खराब होती. ती आता दुसऱ्या कोणाच्या तरी घरी 'नवी' म्हणून बसली असणार, याची मला खात्री आहे.

१८ ऑगस्टला मोटर बसवून दिली. आवाज खरंच गेला होता. बिल असं: मोटर ३,४५०, कार्बन क्लीनिंग ४५०, त्यावर १८ टक्के जीएसटी ७०२. आगाऊ २,००० वजा जाता २,६०२. बेरीज मी तिथल्या तिथे तपासली, बरोबर होती. बेरीज तपासली, पण जीएसटी क्रमांक वाचला नाही! रोज पन्नास बिलं माझ्या हाताखालून जातात. क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो, गोव्यातल्या नोंदणीची सुरुवात ३० ने होते, आणि जीएसटीच्या पोर्टलवर टाकला की मालकाचं नाव दिसतं, हे मी झोपेतही सांगेन. त्या बिलावर चौदाच अक्षरं होती, सुरुवात २७ ने, म्हणजे महाराष्ट्राची. लोक म्हणतात लक्ष कुठे होतं. माझं लक्ष आवाज गेला याकडे होतं. महिनाभर ज्या आवाजाने डोकं उठवलं होतं तो थांबला, म्हणून मी खूश होते.

सहाच दिवस. २४ ऑगस्टला, रविवारी, माटोळीची, म्हणजे गणपतीच्या वर फळं-भाज्या बांधायच्या मांडवीची, जागा साफ करताना मशीन पुन्हा करकरलं, जळका वास आला, झडपेतून निळ्या ठिणग्या दिसल्या. त्यांचा फोन लागला, तीनदा कट केला, मग स्विच ऑफ.

चवथीनंतर मी फोंड्याच्या बाजारातून तो स्टार बिटचा सेट आणला. १८० रुपये. पाचवा स्क्रू अर्ध्या मिनिटात निघाला. आत मोटरच्या वरच्या कवचाला चंदेरी रंग मारलेला, नखाने खरवडला तर खाली गंज. कम्युटेटर, म्हणजे तांब्याच्या पट्ट्यांचा जो गोल भाग फिरतो आणि ज्यावर कार्बन ब्रश घासतात, तो नव्या मोटरमध्ये तांबूस चकचकीत असतो. यात खोल काळा खड्डा पडलेला. ब्रश मोजला, ९ मिलीमीटर. त्याच मापाचा नवा ब्रश नंतर आणला, तो ३२ मिलीमीटर भरला. बेअरिंगच्या भोवती पातळ तेल ओघळून त्यावर धूळ चिकटून काळा चिखल झालेला. म्हणजे वरून तेलाचा फवारा मारला होता. त्याने पाच-सहा दिवस आवाज दबतो, मग तेलाला धूळ धरते आणि बेअरिंग होतं त्याहून वाईट होतं. घरात कोणी खोबरेल घालायला सांगितलं तर तेही घालू नका.

आता पुढचं. त्याने माझं डोकं जास्त फिरलंय.

पुस्तिकेवरच्या नंबरवर खऱ्या कंपनीने ऐकून घेतलं आणि सांगितलं, तुमच्या नावावर तक्रारच नोंदलेली नाही, तो माणूस आमचा नाही. ठीक. २५ ऑगस्टला १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, तक्रार दिली, क्रमांक मिळाला. पण तो नंबर पैसे गेल्यागेल्या लावायचा असतो, तासाभरात, तर समोरच्या खात्यात पैसे अडवता येतात. माझे जाऊन आठवडा झाला होता. बँकेत गेले, तर काउंटरवरच्या मुलाने मान वर न करता सांगितलं, "पिन तुम्हीच टाकला ना?" हो, टाकला. म्हणून ज्याच्या खात्यात गेले त्याचं केवायसी बघायचंच नाही?

१ सप्टेंबरला पोलीस ठाण्यात गेले. दीड तास बाकावर. मग हवालदार म्हणाला, "बाय, हें आमचें न्हय, सायबरचें. नंबर इंटरनेटावेलो न्हय?" अर्धी रजा टाकून त्यांनी सांगितलेल्या दुसऱ्या कार्यालयात गेले. तिथे म्हणाले, माणूस प्रत्यक्ष घरी आला, मशीन त्याने हाताने उघडलं, यात सायबर काय? स्थानिक ठाण्यात जा. परत आले. दुसरा अधिकारी. कागद चाळून म्हणाला, दुरुस्ती नीट झाली नाही तर तो दिवाणी मामला, ग्राहक आयोगात जा. आणि वर, "उशीर केला तुम्ही." उशीर! घरात पाच दिवसांचा गणपती होता. ग्राहकांसाठीच्या कार्यालयात गेले तर तिथे समोरच्या पार्टीचं नाव आणि पत्ता हवा. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंत फी नाही, सगळं खरं. पण पत्ता कोण देणार? पत्ता पोलिसांनी काढायचा. मोबाइल नंबर आहे, पैसे गेले त्या खात्याचं नाव आहे, समोरच्या दुकानाच्या कॅमेऱ्यात स्कूटरचा नंबर आहे. मी एक बाई रजा टाकून एवढं गोळा करते, आणि पगारी माणसं मला एका दारातून दुसऱ्या दारात पाठवतात. एकाने तर विचारलं, "एवढ्या पैशांसाठी कशाला?" ४,९५१ रुपये माझ्याकडून, तेवढेच शेजारच्या गल्लीतून, तेवढेच पुढच्या गावातून. यांचा धंदाच त्यावर चालतो की कोणी एवढ्या पैशांसाठी येणार नाही.

मग मी वाचून काढलं. खोटी ओळख दाखवून पैसे उकळणं ही तोतयेगिरीची फसवणूक, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१९. तक्रार कुठल्याही ठाण्यात देता येते, हद्दीचं कारण चालत नाही. घेतली नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे पोलीस अधीक्षकांना लेखी टपालाने पाठवायची. तोंडी काही बोलू नका. अर्ज दोन प्रतींत न्या, दुसरीवर शिक्का मागून घ्या. मी पहिल्या दिवशी मागितला नाही, म्हणून मी आले होते याचाही पुरावा नाही. १० सप्टेंबरला पत्र स्पीड पोस्टाने पाठवलं. पोच आली आहे.

मशीनचं म्हणाल तर फोंड्यात मोटर वाइंडिंग करणाऱ्या एका काकांकडे ती मोटर नेली. त्यांनी कम्युटेटर लेथवर घासून सरळ केला, पुलरने बेअरिंग ओढून काढली. दोन्ही ६०८ नंबरची, आतून ८, बाहेरून २२ मिलीमीटर, बेअरिंगच्या कुठल्याही दुकानात मिळतात, ६० रुपयांना एक. ब्रशची जोडी १४०, मजुरी ३५०. सगळे मिळून ६१०. पंख्यावरचा नट काही मोटरींत उलट्या आट्याचा असतो, जोर लावून पिळू नका, आधी दोन्हीकडे हलकं फिरवून बघा. आणि उघडायच्या आधी प्लग भिंतीतून काढून स्वतःच्या समोर ठेवा, नुसता स्विच बंद करून भागत नाही.

परवा यजमानांच्या फोनवरून तोच शोध टाकला. नंबर बदललाय, पण जाहिरात अजून सगळ्यात वर. स्पीकरवर लावला. तोच आवाज, तीच अदब, "कुठल्या कंपनीचं मशीन आहे, सर?" मी फोन ओढून घेतला आणि विचारलं, माझी मोटर कुठे आहे? लाइन कट झाली. तो नवा नंबर, तारीख आणि वेळ लिहून काल दुसरं पत्र टाकलंय.