गाडीच्या छतातला दिवा लागेना: टेस्ट लॅम्प घ्यावा की मल्टीमीटर?

बल्ब बदलून झाला, दिव्याचा सरकता स्विच मधल्या 'डोअर' खाचेत आहे, फ्यूज काढून उजेडात धरला तर शाबूत, आणि तरी दार उघडल्यावर गाडीत अंधारच. इथून पुढे नुसत्या डोळ्यांनी काम होत नाही. करंट कुठपर्यंत येतोय आणि कुठे अडतोय हे बघायला हातात काहीतरी लागतं. पुण्यात नाना पेठेत स्पेअरच्या दुकानात टेस्ट लॅम्प (एका बाजूला टोकदार पिन, दुसऱ्या बाजूला वायरीवर क्लिप असलेला छोटा दिवा) मिळतो, तापकीर गल्लीत मल्टीमीटर. साधे घेतले तर दोन्ही मिळून हजाराच्या आत बसतात, त्यामुळे प्रश्न पैशांचा कमी आणि आधी कशाला हात घालायचा याचा जास्त आहे.

मल्टीमीटरबद्दल माझी एकच तक्रार आहे, पण निर्णय तिच्यावरच झाला: जवळपास मेलेल्या वायरवरही तो १२ व्होल्ट दाखवतो.

पावसाळा संपत आला की दाराच्या खांबातला, दार उघडलं की दिवा लावणारा रबरी टोपीचा स्विच काढून पाहा. आतल्या पत्रीवर हिरवट पूड जमलेली असते आणि तो ज्या स्क्रूने बॉडीला अर्थ होतो (म्हणजे करंटची परतीची वाट जोडली जाते) त्या स्क्रूखाली गंजाचं तपकिरी कडं. समजा या घाणीने वाटेत १०० ओहमचा अडथळा तयार केलाय. बल्ब काढून मीटरची लाल पिन होल्डरच्या चालू टोकाला आणि काळी पिन स्विचकडून येणाऱ्या टोकाला लावली, तर आकडा येतो १२.६, म्हणजे बॅटरीएवढाच. डिजिटल मीटरचा आतला रेझिस्टन्स साधारण १० मेगाओहम असतो, त्यातून मायक्रोअँपिअरच्या हिशेबात करंट जातो, आणि एवढ्याशा करंटला १०० ओहम जाणवतही नाहीत. त्याच वाटेने छतातल्या ५ वॅटच्या बल्बला ०.४ अँपिअर लागतो. मग त्याच्या वाट्याला ३ व्होल्टही उरत नाहीत. आकड्यावर विसंबून 'लाइन ठीक आहे' म्हटलं की होल्डर बदलला जातो, मग दिव्याचं अख्खं युनिट मागवलं जातं, आणि स्विचकडे कोणी बघतच नाही.

डिकीच्या दिव्याचंही तेच. डिकीचं दार आणि बॉडी यांच्यामधल्या रबरी नळीत वायर रोज वाकते. आवरण शाबूत असतं, आत तांब्याची एकच तार शिल्लक असते. मीटरला ती एक तार पुरते. बल्बला पुरेलच असं नाही.

टेस्ट लॅम्पमध्ये मुळात बल्बच असतो. तो छतातल्या बल्बाएवढाच करंट ओढतो, म्हणून जिथे छतातला पेटणार नाही तिथे हाही पेटत नाही, आणि मिणमिणला तर अडथळा आहे हे तिथल्या तिथे कळतं. मीटरनेही हा दोष पकडता येतो, हे मान्य करायला हवं. बल्ब जागेवर ठेवून, दार उघडं ठेवून स्विचची वायर आणि बॉडीचा कोरा पत्रा यांमध्ये व्होल्टेज बघायचं. ते ०.२ च्या आत असलं तर स्विच चांगला, बरंच जास्त आलं तर दोष तिथेच. ज्याला ही सवय आहे त्याला कदाचित लॅम्पची गरज वाटणार नाही. पण पहिल्यांदाच हे करणारा माणूस बल्ब काढूनच मोजतो, आणि फसतो.

लॅम्पने तपासायचा क्रम सोपा आहे. आधी दिव्याचा सरकता स्विच 'ऑन'ला करून बघा. 'ऑन'ला लागतो पण एकाच दाराने लागत नाही, तर त्या दाराचा स्विच. 'ऑन'ला लागतो पण कुठल्याच दाराने नाही, तर सगळ्या दारांची सामाईक वायर किंवा दिव्यातला सरकता स्विच. 'ऑन'लाही नाही, तर सप्लाय किंवा दिव्याचा स्वतःचा अर्थ. फ्यूज काढायचीही गरज नसते. त्याच्या माथ्यावर दोन बारीक उघडे ठिपके असतात, दोन्हींवर लॅम्प पेटला तर फ्यूज चांगला. एकाच बाजूला पेटला तर उडालेला. बऱ्याच गाड्यांत याच फ्यूजवर रेडिओची मेमरी किंवा घड्याळही असतं, तेव्हा घड्याळाची वेळ पुसली गेली असेल तर आधी इथेच या.

मग काच काढा. पेचकसाने उचकटू नका, जुन्या एटीएम कार्डाची कड घाला, नाहीतर क्लिपा तुटतात. क्लिप बॉडीच्या स्क्रूला, टोक होल्डरच्या चालू बाजूला: पेटला तर सप्लाय आला. आता क्लिप त्या चालू बाजूला लावा आणि दार उघडून टोक दुसऱ्या बाजूला: पेटला तर अर्थही आला, राहिला फक्त बल्ब आणि होल्डरची ढिली पत्री. टोक एकाच वेळी दोन्हीकडे टेकू देऊ नका, फ्यूज उडतो.

दाराचा स्विच काढताना वायरीला लगेच चिकटपट्टी लावून बाहेरच्या पत्र्याला डकवा. ती एकदा खांबात सरकली की परत मिळवायला अर्धा तास जातो. एकाच वायरीचा साधा स्विच असेल तर वायरीचं टोक पत्र्याला टेकवा. दिवा लागला तर दोष स्विचमध्ये. बारीक सँडपेपरने स्क्रूची जागा आणि पत्री घासा, कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, वरून व्हॅसलिनचा पातळ हात.

लॅम्प घेताना मात्र बघून घ्या. हल्ली एलईडीवाले टेस्टर पुढे करतात. एलईडीला काही मिलिअँपिअर पुरतात, म्हणजे तोही थोड्याफार फरकाने मीटरसारखाच फसवतो. फिलामेंटचाच मागा, ५ वॅटच्या आसपासचा. २१ वॅटचा बल्ब लावून घरी बनवलेला नको. घरातला निऑनचा टेस्टर १२ व्होल्टवर पेटतच नाही.

नव्या गाडीत, जिथे दिवा बीसीएममधून (गाडीतले दिवे, लॉक वगैरे सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरमधून) चालतो आणि स्विच दाराच्या लॉकमध्येच असतो, तिथे पारडं मीटरकडे झुकतं. तिथली स्विचची वायर फक्त सिग्नलची असते, तिच्यावर फिलामेंटचा लॅम्प लावू नये. डॅशबोर्डवर 'दार उघडं'ची खूण येत असेल तर स्विच चांगला आहे, पुढे शोधा. आणखी एक, दार बराच वेळ उघडं राहिलं की बॅटरी वाचवायला बीसीएम दिवा आपणच बंद करतो. तपासताना दर थोड्या वेळाने दार लावून पुन्हा उघडा, नाहीतर नसलेला दोष शोधत बसाल. छताच्या कडेने पिवळ्या कनेक्टरची वायर दिसली तर ती एअरबॅगची. तिला लॅम्प नाही, मीटरही नाही.

दिवा लागत नाही याऐवजी विझत नाही आणि सकाळी बॅटरी उतरलेली, अशी तक्रार असेल तर लॅम्प बाजूला ठेवा. मीटरची लाल पिन १० अँपिअरच्या सॉकेटमध्ये, आणि मीटर बॅटरीच्या निगेटिव्ह केबलला सिरीजमध्ये, म्हणजे केबल सोडवून ती आणि बॅटरी यांच्या मध्ये. गाडी लॉक करून अर्धा तास थांबा, ५० मिलिअँपिअरच्या खाली यायला हवं. तेवढ्यात चावी फिरवली तर मीटरचा फ्यूज गेला.

एरवी साध्या गाडीला, आणि एकच घ्यायचं असेल तर, मी लॅम्पच सुचवेन. फक्त वापरण्याआधी आणि वापरून झाल्यावर तो थेट बॅटरीला लावून पेटतो का बघा. त्याचाच बल्ब गेलेला असेल तर गाडीतली प्रत्येक वायर मेलेली वाटते.