मराठी बोलकी कार्डं (दीड-दोन वर्षांच्या मुलांसाठी): घ्यावीत का?

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी आधी सांगते. तळहातापेक्षा थोडं मोठं प्लॅस्टिकचं यंत्र असतं, त्याच्या वरच्या फटीत चित्राचं कार्ड सरकवलं की ते त्या चित्राचं नाव घेतं, आणि बऱ्याच कार्डांना पाठोपाठ आवाजही असतो म्हणजे कुत्र्याला भुंकणं, गाडीला हॉर्न वगैरे. चार्जिंगवर चालतं, स्क्रीन नाही, बटण दाबलं की मराठीचं इंग्रजी होतं. बॉक्सवर मोठ्या अक्षरात "बाळाला लवकर बोलतं करा". आमच्याकडे भेट म्हणून आलं, लेक तेव्हा दीड वर्षाची होती आणि अजूनही वापरात आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण याच धर्तीचे ढीगभर सेट मिळतात आणि आतला माल जवळपास सारखाच असतो.

खेळणं म्हणून चांगलं आहे, हे आधी मान्य करते. कार्डं जाड, कोपरे गोल, चावून चावून सुद्धा फार काही झालं नाही. फटीत कार्ड नीट बसवायला मुलांना मस्त खटपट करावी लागते आणि त्यात त्यांचा वेळ छान जातो. स्क्रीन नाही हा मोठाच प्लस पॉइंट, कारण डब्ल्यूएचओने २०१९ मध्ये सांगितलंय की वर्षाच्या आतल्या बाळाला स्क्रीन नकोच, दुसऱ्या वर्षीही नको आणि त्यानंतर चार वर्षांपर्यंत दिवसाला तासाभरापेक्षा जास्त नको. तेवढ्यापुरतं हे मोबाइलपेक्षा शंभर पटींनी बरं. फक्त आवाज सगळ्यात कमी ठेवला तरी मोठा आहे. आम्ही स्पीकरवर जाड चिकटपट्टी लावली, मग सुसह्य झालं.

आता उच्चार. इथे माझी खरी तक्रार आहे. आवाज कॉम्प्युटरने तयार केलेला वाटतो आणि तो ज्याने केलाय त्याला मराठी येत नाही हे पहिल्या पाच कार्डांतच कळतं. 'चाक' म्हणताना च असा येतो की जणू 'चार' किंवा 'चिमणी' म्हणायचंय. 'झाड'चंही तेच. 'फळ' ऐकायला येतं 'फल', 'डोळा' होतो 'डोला', आणि ण जवळजवळ सगळीकडे न. मोठ्या माणसाला हे किरकोळ वाटेल पण लहान मुलांचा कान किती बारीक असतो हे कळलं की किरकोळ वाटत नाही. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांचा १९८४ चा एक प्रयोग या विषयात फार गाजलेला आहे. इंग्रजी बोलणाऱ्या घरातल्या सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना त्यांनी हिंदीतले त आणि ट ऐकवले तर त्या बाळांना फरक कळत होता, जो त्यांच्या आईवडिलांना सहसा कळत नाही! आणि दहा-बारा महिन्यांपर्यंत तीच क्षमता जवळपास गेलेली होती. म्हणजे बोलायला लागायच्या आधीच बाळाचा कान घरातल्या भाषेसाठी जुळवून झालेला असतो, जे आवाज आसपास ऐकू येतात ते ठेवायचे, बाकीचे सोडायचे.

त्यामुळे ज्या घरात दिवसभर मराठी कानावर पडतं तिथल्या मुलाचं या यंत्राने काही बिघडणार नाही, घरातली माणसं त्याला पुरून उरतील. पण ज्यांच्या घरी मराठी बोलणारं एकच माणूस आहे आणि म्हणूनच ज्यांना असा सेट घ्यावासा वाटतो, त्यांनी मात्र विचार करा, कारण तिथे मुलाने ऐकलेल्या मराठीत या आवाजाचा वाटा बराच मोठा होईल, आणि नेमक्या त्याच मुलांना ळ आणि ण धड ऐकायला मिळायला हवेत.

बरं, आता मुख्य मुद्दा. लवकर बोलतं होतं का मूल?

ऑनलाइन रिव्ह्यू वाचाल तर प्रत्येक दुसऱ्या माणसाचं म्हणणं, "महिनाभरात आमचं बाळ इतके नवीन शब्द बोलायला लागलं!" मी त्यांना खोटं म्हणत नाहीये, शब्द वाढलेच असतील. पण बॉक्सवर जे वय लिहिलंय ना, दीड वर्ष, त्याच सुमाराला बहुतेक मुलांचे शब्द आपसूकच भराभर वाढायला लागतात, यंत्र असो वा नसो. जूडी डिलोश आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये हेच तपासलं होतं. त्या वेळी बाळांना शब्द शिकवणारी एक डीव्हीडी तुफान खपत होती. बारा ते अठरा महिन्यांच्या काही बाळांनी ती चार आठवडे घरी पाहिली, काहींनी एकट्याने, काहींनी आईबाबांबरोबर. काही बाळांना डीव्हीडी दाखवलीच नाही, आईबाबांना फक्त शब्दांची यादी दिली आणि सांगितलं की रोजच्या बोलण्यात तुम्हाला जमेल तसे हे शब्द शिकवा. आणि काही बाळांसाठी काहीच केलं नाही. डीव्हीडीवाली मुलं काहीच न केलेल्या मुलांपेक्षा पुढे गेली नाहीत, सगळ्यात जास्त शिकली ती यादीवाल्या आईबाबांची मुलं. आणि ज्या पालकांना डीव्हीडी स्वतःला आवडली होती त्यांना आपलं मूल जास्त शिकलंय असं वाटत होतं. हे वाचल्यापासून मी असल्या वस्तूंचे पाच स्टारवाले रिव्ह्यू वेगळ्या नजरेने वाचते.

पॅट्रिशिया कूल यांचा २००३ चा प्रयोगही असाच. अमेरिकेतली नऊ महिन्यांची बाळं, कधी चिनी न ऐकलेली. चिनी बोलणारी माणसं त्यांच्यासमोर बसून खेळली, पुस्तकं वाचली, एकूण बारा वेळा, प्रत्येक वेळी साधारण पंचवीस मिनिटं. तेवढ्यात बाळांना चिनीतले आवाज ओळखू यायला लागले. तीच माणसं, तोच मजकूर टीव्हीवरून दाखवला किंवा नुसता ऐकवला तर परिणाम शून्य.

आता कुणी म्हणेल की डीव्हीडी आणि हे यंत्र वेगळं, इथे मूल स्वतः काहीतरी करतं आणि मग उत्तर मिळतं. बरोबर आहे, म्हणून तर मी याला डीव्हीडीपेक्षा वर ठेवते. पण ते उत्तर देतं हाताला, तोंडाला नाही. आमच्याकडे रोज काय होतं सांगते. लेक कुत्र्याचं कार्ड घालते, यंत्र म्हणतं "कुत्रा", भुंकतं. ती लगेच मान वळवून माझ्याकडे बघते, बोट कार्डावर, आणि म्हणते "भू". मी म्हणते, "हो, भूभू! झोपलाय बघ तो." ती पुन्हा चित्राकडे बघते आणि म्हणते "भू जोजो". दोन शब्द एकमेकांना जोडले तिने! आणि यंत्रात त्या कार्डासाठी "कुत्रा" सोडून दुसरं काही नाहीच. समोरच्याने आपल्याकडे बघणं, मग दोघांनी मिळून एकाच गोष्टीकडे बघणं, आपण काहीतरी म्हटलं की त्याला धरून पुढचं येणं, माणसाचं बोलणं या पायावर उभं असतं, शब्द त्यानंतर येतात. दहा वेगवेगळ्या भाषांच्या अभ्यासात (२००९) दिसलं की प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंत सरासरी सेकंदाचा पाचवा हिस्सा वगैरे जातो, कुठली का भाषा असेना. ही बोलण्याची पाळी सांभाळायला मुलं शब्द यायच्या कितीतरी आधीपासून शिकतात, तुम्ही बोलून थांबलात की तीन-चार महिन्यांचं बाळसुद्धा "आऽ गूऽ" करून आपली पाळी घेतं. यंत्राशी ते खेळता येत नाही. लेक त्याला "भू" म्हणून दाखवते तेव्हा ते गप्पच असतं, आणि मग ती माझ्याकडे येते.

शब्दांची निवडही विचित्र आहे. जवळजवळ सगळी नामं. प्राणी, फळं, वाहनं, रंग, आणि त्यात गेंडा, जिराफ, पाणबुडी! दीड वर्षाच्या बाळाला पाणबुडीचं काय करायचंय? त्याला रोज लागणारे शब्द म्हणजे दे, नको, अजून, संपलं, चल, इकडे, हे. यातला एकही नाही. क्रियापदांची थोडी कार्डं आहेत पण त्यावर आवाज येतो "धावणे", "झोपणे". घरात मुलाशी असं कोण बोलतं?

आणि मराठीत तर नुसत्या नामांनी भागतच नाही. हत्ती मोठा, गाडी मोठी, झाड मोठं, हे मुलाला कसं कळणार? वाक्यातूनच कळणार, "मोठी गाडी आली", "मोठं झाड पडलं" असं हजार वेळा ऐकून. मुलं पाठ करत नाहीत, ऐकलेल्यातून नियम काढतात. जीन बर्को यांनी १९५८ मध्ये मुलांना एका काल्पनिक प्राण्याचं बनवलेलं नाव सांगितलं आणि विचारलं, आता असे दोन झाले, तर मुलांनी कधीच न ऐकलेल्या त्या शब्दाचं अनेकवचन बरोबर करून दाखवलं. आपल्याकडची मुलं "मी करलं" म्हणतात ना, तो त्याचाच पुरावा. घरात कुणीच "करलं" म्हणत नाही, "बसलं, पडलं, धरलं" ऐकून मुलाने स्वतः काढलेला नियम आहे तो, म्हणून मी त्यावर कधी रागावत नाही, मी आपलं "हो, तू केलंस!" म्हणते आणि पुढे जाते. एकेकटी नामं म्हणणाऱ्या यंत्रातून असा नियम काढायला मुलाला काही मिळतच नाही.

तरी घरात असेल तर फेकू नका. आमच्याकडे यंत्र बऱ्याचदा बंद असतं आणि कार्डं चालू. कार्ड पाठीमागे लपवायचं, "कुठे गेलं?" विचारायचं आणि मग थांबायचं, खरंच थांबायचं, आपणच उत्तर देऊन टाकायचं नाही. आजी तर दोन-तीन कार्डं घेऊन गोष्टच रचते, त्यात जिराफ आणि पाणबुडीलाही काम मिळतं. मराठी-इंग्रजी बटणाची भीती बाळगू नका, दोन भाषांनी मूल गोंधळून उशिरा बोलतं हा निव्वळ गैरसमज आहे.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे सांगते. मूल बोलत नाही म्हणून उपाय म्हणून हे घेत असाल तर घेऊ नका. वर्षाचं होईपर्यंत बडबड किंवा बोट दाखवणं नाही, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडून बोलणं नाही, किंवा येत असलेले शब्द बंद झालेत, असं काही असेल तर आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा, श्रवणचाचणी करून घ्या आणि स्पीच थेरपिस्टला भेटा. "आमच्यात सगळे उशिराच बोलले" ऐकून थांबू नका, आणि "कार्डं सुरू केलीत, बघू अजून सहा महिने" असंही करू नका, ते सहा महिने मुलासाठी फार मोलाचे असतात.

रेटिंग: खेळणं म्हणून पाचपैकी चार, बोलायला शिकवणारी वस्तू म्हणून दीड. बनवणाऱ्यांनी हे वाचलं तर एवढंच करा, मराठी बोलणाऱ्या खऱ्या माणसांचे आवाज घ्या, एखादं लहान मूल, एखादे आजोबा सुद्धा चालतील, नावाऐवजी छोटं वाक्य टाका, पाणबुडी काढून "अजून" आणि "संपलं" घाला, आणि चार-पाच कोरी कार्डं द्या ज्यावर घरच्यांना आपला आवाज रेकॉर्ड करता येईल. मग मी स्वतः दुसऱ्यांना भेट देईन.