एनएमआर, एलसी-एमएस की जीसी-एमएस? पोटाच्या कॅन्सरवर प्रोजेक्ट करणाऱ्यांसाठी

मिरज-सांगलीत किंवा कराडला बसून जठर, आतडं, स्वादुपिंडाच्या कॅन्सरचे बायोमार्कर (आजाराची खूण) रक्तातल्या मेटाबोलाइट्समधून (शरीरात घडामोडींतून तयार होणारे छोटे रेणू) शोधायचा प्रोजेक्ट घेतलाय आणि मशीन ठरत नाहीये, तर माझं सरळ मत, पहिल्या प्रोजेक्टला एनएमआर (चुंबकीय क्षेत्रात रेणू ओळखणारं मशीन) घ्या.

सॅम्पल प्रेप फार नाही, सीरममध्ये बफर आणि थोडं जड पाणी घातलं की झालं, रीडिंग पुन्हा घेतलं तरी जवळपास तेच येतं आणि सॅम्पल नष्ट होत नाही. तोटा मोठा आहे, सेन्सिटिव्हिटी कमी, मायक्रोमोलरच्या (लिटरमधलं रेणूंचं प्रमाण) खालचं दिसत नाही म्हटलं तरी चालेल. पण ल्युसिन, आयसोल्युसिन, व्हॅलिन छान दिसतात, आणि 2014 च्या एका अभ्यासात स्वादुपिंडाच्या कॅन्सरचं निदान व्हायच्या 2 ते 5 वर्षं आधी रक्तात हीच अमिनो ॲसिड्स वाढलेली सापडली होती. ट्यूब मात्र ईडीटीएची (रक्त गोठू न देणारं रसायन) नको, त्याचेच पीक (आलेखातली टोकं) स्पेक्ट्रममध्ये येऊन बसतात, हेपरिनची ट्यूब (हेही रक्त गोठू देत नाही) किंवा साधं सीरम घ्या.

एलसी-एमएस (द्रवात रेणू वेगळे करून त्यांचं वस्तुमान मोजणारं मशीन) नॅनोमोलरपर्यंत, म्हणजे मायक्रोमोलरच्या हजाराव्या भागापर्यंत जातं, 50-100 मायक्रोलिटरमध्ये भागतं, लिपिड आणि पित्ताम्लं बघायची तर हेच. पण रन लांबला की सिग्नल सरकतो, सगळ्यांचं थोडं थोडं मिसळून केलेलं क्यूसी (मशीन नीट चालतंय का हे तपासायचं) सॅम्पल मधे मधे लावावंच लागतं, आणि शेकडो पीक नक्की कशाचे हे शोधण्यात महिने जातात.

जीसी-एमएसची (हेच काम वायूत करणारं मशीन) लायब्ररी, म्हणजे ओळखीच्या रेणूंचा संग्रह, भारी, स्टूलमधली ब्युटिरेटसारखी फॅटी ॲसिड्स किंवा श्वासातले वास यांना बेस्ट. सिलिलेशनला (रेणूंना सिलिकॉनचा गट जोडून ते वायूत जातील असं करणं) मात्र ओलावा अजिबात चालत नाही, जुलै-ऑगस्टमध्ये साताऱ्याकडच्या हवेत हे काम जपून करा.

आता मशीनपेक्षा जास्त कळकळीने सांगायचंय ते सॅम्पलबद्दल. रक्त काढून तसंच ठेवलं तर पेशी ग्लुकोज खात राहतात, लॅक्टेट वाढतं, आणि तुम्हाला वाटतं कॅन्सरचाच सिग्नल मिळाला. त्यामुळे सीरम तिथेच वेगळं करा, उणे 80 अंशांना ठेवा, मग ड्राय आइसमध्ये पुण्याच्या लॅबला पाठवा. जठराच्या कॅन्सरचा पेशंट जेवतच नसतो, त्याचे कीटोन तसेही वाढलेले असतात, मग धडधाकट कॉलेजची पोरं कंट्रोल (तुलनेसाठीचे निरोगी लोक) म्हणून घेऊन काय उपयोग? त्याच ओपीडीत उपाशीपोटी एंडोस्कोपीला आलेले आणि रिपोर्ट नॉर्मल निघालेले घ्या. कोलोनोस्कोपीवाल्यांचं रक्त जुलाबाचं औषध सुरू करायच्या आधीच काढा.